उणे अर्धा अंश

एकही खाडाखोड नसलेली वही समोर आली की मला गायकवाड बाईंची आठवण येते, आणि पाठोपाठ लाजही वाटते. आठवण का येते ते लगेच सांगतो. लाजेचं सांगायला थोडा वेळ लागेल, कारण बरीच वर्षं मी ते स्वतःलाही नीट सांगितलेलं नव्हतं.

प्रयोगशाळा तपासत हिंडणं हे माझं काम. वसाहतींचं सांडपाणी शुद्ध करून नदीत सोडणाऱ्या केंद्रांना जागेवरच एक छोटी प्रयोगशाळा ठेवावी लागते. ती नियमाप्रमाणे चालते की नाही हे बघायला वर्षातून एकदा सरकारी माणूस येतो. तो मी. काय काय बघायचं याची सहा पानी यादी माझ्या बॅगेत असते. हल्ली फार देखण्या वह्या बघायला मिळतात. सगळे आकडे एका शाईत, एका वळणात, कुठे डाग नाही की चहाचा ओघळ नाही. वर्षभराची वही एका बैठकीत लिहून काढली की ती अशीच दिसते. अशी वही दिसली की मी खुर्ची पुढे ओढतो आणि पहिल्या ओळीपासून एकेक आकडा ताडून बघायला लागतो. समोरची माणसं घड्याळाकडे बघतात, जेवणाचं विचारतात. मी हलत नाही. ही सवय मला उशिरा लागली आणि ती बाईंमुळे लागली.

त्यांची प्रयोगशाळा महाड आणि पोलादपूरच्या मध्ये होती. हमरस्ता सोडून नदीकडे उतरलं की केंद्राच्या टाक्या दिसायच्या आणि टाक्यांच्या कडेला गच्चीची एक छोटी खोली, बाहेरून जिना असलेली. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पहाटेची एसटी धरून अलिबागहून आलो होतो. रस्त्याचं काम चाललेलं, अंगावर बोटभर धूळ, पोटात काही नाही. दारात एक ठेंगणी बाई उभी. साडीवर पांढरा कोट, कोटाच्या खिशाला दोन पेनं, कपाळाला आठ्या.

"बाई, आधी एक चहा मिळेल का?" मी विचारलं.

"चहा हाय," त्या म्हणाल्या. "पण नंतर."

"नंतर म्हणजे?"

"तुमचं तपासून होऊ दे, सही होऊ दे, मंग चहा. चहा झाला की माणूस मऊ होतो."

मला वाटलं, बाई थट्टा करतायत. पण दुपारी अडीचला अहवालावर माझी सही झाली तेव्हा कुठे कोपऱ्यातली शेगडी पेटली. तोवर त्यांनी मला पाणीदेखील मागितल्यावरच दिलं. चहा मात्र फक्कड होता, आलं ठेचून घातलेला, आणि बरोबर तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. ती स्वतःच्या डब्यातली होती हे मला दोन वर्षांनी कळलं. त्यांच्या स्वतःच्या कपात दोन चमचे साखर पडली तेव्हा त्या कुजबुजल्या, "माझ्या मुलीची गाठ पडली तर सांगू नका. ती मला डोंबिवलीवरनं फोनवर विचारते, साखर बंद हाय ना? मी म्हणते, हाय." आकड्यांच्या बाबतीत केसाइतकं इकडचं तिकडे न करणारी ही बाई लेकीशी रोज बिनदिक्कत खोटं बोलायची. मी हसलो तर म्हणाल्या, "ते नियमात येत नाय."

शिक्षण बारावी सायन्स. माहेर पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीतलं, सासर महाडात. नवरा लवकर गेला, मग केंद्रात बाटल्या धुवायला लागल्या, आणि बाटल्या धुता धुता आधीच्या केमिस्टच्या खांद्यावरून बघून सगळं शिकल्या. तो केमिस्ट सोडून गेला तेव्हा व्यवस्थापकांच्या लक्षात आलं की सहा महिने चाचण्या बाईच करत होत्या. तेव्हापासून वही त्यांच्याकडे आली. वही म्हणजे रोजच्या नोंदींचं जाड रजिस्टर, हिरव्या पुठ्ठ्याचं. ते त्या दुसऱ्या कोणाच्या हातात देत नसत. मला दाखवतानासुद्धा टेबलावर ठेवत आणि पान स्वतः उलटत.

काही चाचण्या अशा असतात की त्या तिथल्या तिथे कराव्या लागतात. पाण्याचं तापमान, आम्लता, त्यात उरलेलं क्लोरीन. बाटली भरून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली तर पोचेपर्यंत आकडा बदललेला असतो. नियमात यासाठी पंधरा मिनिटं दिली आहेत. बाईंच्या भाषेत, "पाणी वाट बघत नाय." नमुने आणायचं काम मोरे करायचा. हा पोलादपूरचा, चाळिशीचा, शांत माणूस, बाईंच्या तोंडाचा मार खाऊन खाऊन अधिकच शांत झालेला.

"मोरे, बाटली किती वाजता भरली?"

"आत्ताच की वो बाई."

"आत्ताच म्हंजे किती?"

"आत्ता म्हंजे आत्ता. आलो तसाच."

"घड्याळात 'आत्ता' कुठं लिवलंय ते दाखव मला."

मोरे बाटली घेऊन मुकाट्याने परत टाकीकडे जायचा. हे मी माझ्या देखत चार वर्षांत चार वेळा पाहिलं, म्हणजे माझ्यामागे रोजच होत असणार.

आणि त्यांचा मोठा नियम खाडाखोडीचा. आकडा चुकला तर तो गिरवायचा नाही, खोडरबर नाही, पांढरा रंग तर नाहीच. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, आपली आद्याक्षरं, आणि ज्या दिवशी दुरुस्ती केली त्या दिवसाची तारीख. हा नियम माझ्या सहा पानी यादीतही आहे, आठव्या क्रमांकावर. पण यादीतला नियम आणि माणसाच्या अंगातला नियम यात फरक असतो. बाईंच्या वहीत पानागणिक दोन-तीन तरी रेघा असायच्या आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. "चुकलं ते दिसलं पायजे," त्या म्हणायच्या. "नाय तर पुढचा माणूस तीच चूक परत करंल." रेघेशेजारी सुबक अक्षरात 'सु. गा.' आपल्या अक्षराचा त्यांना भारी अभिमान होता. माझी सही बघून एकदा म्हणाल्या होत्या, "साहेब, कोंबडी नाचली का काय इथं?"

दुसऱ्या वर्षी मार्चात मला दुसऱ्याच कामासाठी महाडला यावं लागलं आणि तारखेचं भान न ठेवता मी वीस मार्चला आलो. चवदार तळ्याच्या बाजूला पाय ठेवायला जागा नव्हती. गावोगावहून लोक आलेले, पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, पुस्तकांची दुकानं. त्या गर्दीत एका पाणी वाटायच्या मांडवात मला गायकवाड बाई दिसल्या. पांढरी साडी, डोक्यावर ऊन, आणि हातात आमची ती छोटी काचेची नळी, जिच्यात गोळी टाकली की क्लोरीन असलेलं पाणी गुलाबी होतं. त्या प्रत्येक टाकीतलं पाणी नळीत घेऊन आभाळाकडे धरून बघत होत्या आणि शाळेच्या एका वहीत वेळ लिहीत होत्या. मांडवातली एक मुलगी घायकुतीला आली होती.

"मावशी, लोकं तहानेली हायत वो."

"असू दे. पाणी द्यायचं तर तपासून द्यायचं. इथं तर जास्तच."

मग त्यांनी मला पाहिलं आणि गुलाबी नळी तशीच वर धरून हसल्या. ते हसू मला अजून दिसतं. त्या दिवशी त्यांनी मला पाण्याचा पेला न मागता दिला.

मग जुलैमधला तो पूर आला. महाडचा पूर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला, मीही तसाच पाहिला आणि बाईंना फोन लावत राहिलो. चौथ्या दिवशी लागला. "जिवंत हाय," त्या म्हणाल्या. "वही पण." एवढं बोलल्या आणि फोनची बॅटरी गेली.

त्या दिवशी काय झालं हे मला पुढच्या एप्रिलात, तपासणीला गेलो तेव्हा वहीतूनच कळलं. जुलैचं पान बाईंनी उलटलं. कागद फुगलेला, कडांना चिखलाची पिवळी रेघ. त्यावर नेहमीच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'नमुन्याचे ठिकाण: प्रयोगशाळा, जिन्याची चौथी पायरी. वेळ सकाळी अकरा चाळीस. तापमान साडेचोवीस. आम्लता मोजता आली नाही, मीटर पाण्याखाली आहे.' त्याखाली दुसरी नोंद: 'दुपारी एक दहा. सातवी पायरी. थर्मामीटर फुटला.'

मी आधी बघतच राहिलो आणि मग हसायला लागलो. ती खोली पाण्यात चाललेली, मोरे आणि बाई गच्चीकडच्या जिन्यावर एकेक पायरी मागे सरकतायत, आणि बाई वाकून नदीचं तापमान घेतायत.

"अहो बाई, हे कशासाठी?"

"म्हंजे? त्या दिवसाची नोंद रिकामी कशी ठेवायची? पाणी तर आलं होतं ना."

"मी म्हणत व्हतो, बाई वर चला, वर चला," दारातून मोरे म्हणाला. "तर मला इचारतात, घड्याळात किती वाजले."

आम्ही तिघं हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग बाईंनी हळूच सांगितलं की त्याच वेळी त्यांच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं आणि नवऱ्याचा एकुलता एक फोटो त्यात गेला. आणि तेव्हा त्यांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. माझी सही व्हायच्या आधी शेगडी पेटवली.

चहा पीत पीत मी उरलेली यादी संपवली. नवीन थर्मामीटर आहे? आहे. प्रमाणित थर्मामीटरशी ताडून घेतला आहे? आहे. फरकाची चिठ्ठी चिकटवली आहे? आहे. सगळीकडे बरोबरची खूण. 'तापमानाच्या सर्व नोंदींत नियमानुसार दुरुस्ती केल्याचे आढळले,' असं छापील वाक्य होतं, त्याखाली मी माझी नाचरी कोंबडी काढली आणि दुपारची गाडी पकडली.

बरोबर सहा दिवसांनी बाईंचा फोन आला.

"साहेब, आपण दोघं चुकलो."

कुठलाच थर्मामीटर अगदी बरोबर दाखवत नाही. प्रमाणित थर्मामीटरशेजारी तो पाण्यात धरायचा आणि जेवढा फरक येईल तेवढा रोजच्या आकड्यात धरायचा. पुरात फुटलेला जुना थर्मामीटर अर्धा अंश जास्त दाखवायचा. म्हणजे रोज अर्धा वजा करायचा. बाईंनी तो अकरा वर्षं केला. नवा थर्मामीटर निघाला अर्धा अंश कमी दाखवणारा. चिठ्ठीवर त्यांनीच लिहिलं होतं, 'अधिक अर्धा'. पण हात रोज सकाळी वजाच करत राहिला. ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत प्रत्येक नोंद एका पूर्ण अंशाने कमी. आणि मी, ज्याचं कामच ते बघायचं, चिठ्ठी आहे एवढं पाहिलं आणि चहाचा घोट घेतला.

"माझीच चूक," बाई म्हणाल्या. "चहा आधी दिला."

"नदीला काही फरक पडला नाही ना? मर्यादेच्या आतच आहे सगळं?" मी विचारलं.

"आतच हाय. पण वही चुकीची हाय. मी आजपासून रेघा मारायला घेते. तुमच्या अहवालाचं काय?"

इथे मी खरं सांगतो. त्या वर्षी माझं नाव बढतीच्या यादीत होतं. स्वतः सही केलेला अहवाल 'चुकला' म्हणून परत मागवायचा म्हणजे वरच्या साहेबांसमोर उभं राहायचं. आणि कशासाठी, तर एका अंशासाठी. मी म्हणालो, "तुम्ही तुमच्या वहीत दुरुस्ती करा बाई. माझ्या अहवालाचं मी बघतो."

"बघता ना? मंग झालं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. 'बघतो' या शब्दाचा अर्थ आमच्या कचेरीत काय होतो, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं.

मी काही बघितलं नाही. जूनमध्ये मला बढती मिळाली आणि विदर्भात बदली झाली. सुरुवातीला आठवड्यातून एकदा आठवायचं, मग महिन्यातून एकदा, मग आठवलं की मी दुसरा विचार करायचो.

पुढचं सगळं मला मोरेकडून कळलं, तेही अचानक. बदली परत कोकणात झाली होती. घरच्यांना घेऊन महाबळेश्वरला निघालो होतो आणि आंबेनळी घाटाआधी पोलादपूरला वडापाव खायला थांबलो. स्टँडजवळ मोरे उभा. केस पिकलेले, पण उभं राहायची तऱ्हा तीच, कोणीतरी आता ओरडणार अशी.

"बाई कशा आहेत?" मी विचारलं.

"रिटायर झाल्या, झालं की वरीस," मोरे म्हणाला. मग जरा थांबून, "सायेब, तुमचा तो कागद आलाच नाय."

"कुठला कागद?"

त्याने सांगितलं. बाईंनी आठ महिन्यांच्या प्रत्येक नोंदीवर रेघ मारली. अडीचशेच्या आसपास रेघा, प्रत्येकीशेजारी नवा आकडा, 'सु. गा.' आणि तारीख. डबा खायच्या सुट्टीत बसून करायच्या. व्यवस्थापकांनी ती वही पाहिली. त्यांच्या हातात माझा अहवाल होता, त्यात सगळ्या नोंदी बरोबर असल्याचं मी लिहून दिलेलं. ते म्हणाले, सरकारी साहेब म्हणतात बरोबर आहे, मग तुम्ही अडीचशे आकडे कोणाच्या सांगण्यावरून बदललेत? नोंदवहीत फेरफार केल्याचा मेमो निघाला. वही काढून घेतली. बाईंना परत बाटल्या धुवायला बसवलं.

"तुमाला फोन केला नाय त्यांनी?" मोरेने मला विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "मी म्हनायचो, बाई, सायबांना फोन करा. तर म्हनायच्या, साहेब बघतो म्हनलेत. येईल कागद. बाटल्या धुताना टपालवाला आला की हात पुसून उभ्या ऱ्हायच्या. दीड वरीस."

माझी बायको गाडीतून हाक मारत होती. मला आठवत नाही मी काय उत्तर दिलं. घाटभर मुलं खिडकीतून माकडं दाखवत होती आणि मी हो हो म्हणत होतो. ज्या वेळी बाईंना मी एका फोनवर सोडवू शकलो असतो, त्या वेळी मी बढतीचे पेढे वाटत होतो. हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे आणि ते काही केल्या सौम्य होत नाही.

सुट्टीवरून परतल्यावर मी जुना अहवाल काढला आणि दुरुस्तीचं पत्र तयार केलं. ते कचेरीत देण्याआधी बाईंना दाखवावं म्हणून एका शनिवारी दुपारी महाडला गेलो.

तळ्यामागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. बाई आणखी ठेंगण्या झाल्या होत्या. चष्म्याची काच जाड झालेली. "या," म्हणाल्या, जणू मी गेल्या महिन्यात येऊन गेलो होतो. भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर एक पेन्सिलची आडवी रेघ होती, शेजारी पुराची तारीख आणि उंची सेंटिमीटरमध्ये. त्या आकड्यावर रेघ मारून दुसरा आकडा लिहिला होता, 'सु. गा.' मी बघतोय असं पाहून त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा स्टुलावर चढून मोजलं, टेप वाकडी धरली होती."

मग त्या आत गेल्या. आल्याचा वास आला. बाहेर येऊन त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, दोन कप, दोन्हींवर बशा झाकलेल्या.

"काय आणलंय?" त्यांनी विचारलं.

मी पत्र पुढे केलं. त्यांनी ते खिडकीशी नेलं आणि नाकाजवळ धरून सावकाश वाचलं. पत्रात होतं की अमुक अहवालातलं अमुक विधान लिपिकीय त्रुटीमुळे चुकीचे नमूद झाले, आणि श्रीमती गायकवाड यांनी नोंदवहीत केलेल्या दुरुस्त्या योग्य व नियमानुसार आहेत.

"लिपिक कोण होता तुमच्याकडं?" त्या म्हणाल्या.

"नाही, म्हणजे, तसं लिहायची पद्धत असते."

"पद्धत असंल. पण होता कोण?"

त्यांनी खिशाकडे हात नेला, पण कोट नव्हता, मग कपाटावरून पेन आणलं. आपलं पेन त्या कधी कोणाला देत नसत. ते त्यांनी माझ्या हातात दिलं.

मी 'लिपिकीय त्रुटीमुळे' या शब्दांवर एक रेघ मारली आणि वर लिहिलं, 'मी न तपासता सही केल्यामुळे'. म्हणालो, "घरी जाऊन नीट टाइप करून घेतो."

"नवीन करू नका. हेच द्या."

"असं खोडलेलं?"

"असंच. आणि आद्याक्षरं घाला. तारीख आजची. वेळ पण लिवा."

मी लिहिलं. चार वाजून वीस मिनिटं.

"बाई," मी म्हणालो, "तेव्हाच करायला हवं होतं मी हे."

मला वाटलं होतं त्या म्हणतील, जाऊ द्या, झालं ते झालं. आपल्याकडे तसंच म्हणतात.

"हो," त्या म्हणाल्या. "तेव्हाच करायला हवं होतं. मी लय वाट बघितली, साहेब."

रागाने नाही म्हणाल्या. नमुन्याची वेळ सांगावी तशा म्हणाल्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या, माझं होईपर्यंत.

ते पत्र सोमवारी मी तसंच, खाडाखोडीसकट दिलं. वरच्या साहेबांनी ते वाचायला मिनिटभरही घेतलं नाही. सही केली आणि जेवायला गेले. मला कोणी एक शब्द विचारला नाही. ज्याला मी एवढा घाबरलो होतो ते एवढंच होतं. काही महिन्यांनी केंद्राने मेमो मागे घेतल्याचं पत्र बाईंना मिळालं. मोरे सांगत होता, पाकीट फोडून त्यांनी आधी तारीख बघितली. त्यानंतरच्या थंडीत बाई गेल्या. साखर फार वाढली होती म्हणे. मुलीला शेवटपर्यंत खरं सांगितलं नसणार.

पण माझ्यासाठी त्या अजून त्या शनिवारातच आहेत. पेन परत घेऊन त्यांनी त्याचं टोपण लावलं, पत्र घडी करून माझ्या हातात दिलं, आणि मग कपांवरच्या बशा काढल्या. चहा निवून त्यावर साय धरली होती.

"आता घ्या," त्या म्हणाल्या.

गार चहा मी इतक्या सावकाश कधी प्यालो नाही. त्यांनी आपल्या कपात साखर घालून ढवळली आणि माझ्याकडे एक नजर टाकली. मी म्हटलं, नाही सांगत. उठलो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. मी आता त्यांची वही तपासायला येणारा कोणी नव्हतो, हे त्यांच्याही मनात आलं असावं.

"पुढच्या वेळेला या सवडीनं," त्या म्हणाल्या. "चहा आधी देईन."

गल्लीच्या वळणावर मी मागे बघितलं. बाई दारातच उभ्या होत्या, हातात माझा रिकामा कप धरून.